मास्तरांचा लांबचा रस्ता

सिंहलीत एक म्हण आहे म्हणे, 'परंगी कोट्टेला गेला तसं'. परंगी म्हणजे आपले फिरंगी, पोर्तुगीज. १५०५ च्या सुमारास वादळाने भरकटलेली त्यांची जहाजं कोलंबोच्या किनाऱ्याला लागली. तिथल्या लोकांनी धावत जाऊन राजाला सांगितलं की गोरीगोरी माणसं आलीयेत, अंगात लोखंडाचे सदरे घालतात, एका जागी बसत नाहीत, दगड खातात आणि वर रक्त पितात (दगड म्हणजे पाव, रक्त म्हणजे वाइन, बघणाऱ्याचा काय दोष). राजधानी कोट्टे बंदरापासून इतकी जवळ की सकाळी पायी निघालं तर जेवायच्या आत पोचावं. पण ते पाहुण्यांना कळू द्यायचं नव्हतं, म्हणून त्यांच्या माणसांना तीन दिवस रानावनातून, ओढ्यानाल्यांतून फिरवत नेलं. तेव्हापासून कोणी सरळ रस्ता सोडून वळसा घालायला लागला की ही म्हण.

आमच्या गाइडनी ही गोष्ट विमानतळावरून बस बाहेर पडली तशी माइक हातात घेऊन सांगितली आणि वर म्हणाले, मीही तुम्हाला असाच नेणारे. सगळे हसले. टूर मॅनेजर तेवढा हसला नाही, त्याच्या हातात छापील कार्यक्रम होता आणि प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं टाकलेली होती. गाइड साठीच्या आसपासचे, पूर्वी शाळेत इतिहास शिकवायचे, म्हणून डोंबिवलीच्या काकूंनी लगेच त्यांचं बारसं करून टाकलं, मास्तर. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण पुढे हॉटेलात फोनवर स्वतःची ओळख सांगतानाही त्यांनी तेच नाव घेतलेलं मी ऐकलं.

आणि मास्तरांना चौल माहीत होतं! म्हणजे त्या जहाजांचा कप्तान लोरेन्सो द आल्मेइदा, पोर्तुगीजांच्या पहिल्या व्हाइसरॉयचा मुलगा, तो १५०८ मध्ये आपल्या चौलच्या बंदरात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना मेला. मास्तर म्हणाले, आमच्याकडे आला आणि तुमच्याकडे गेला, थँक यू. बसमधले निम्मे लोक दर हिवाळ्यात अलिबाग-रेवदंडा करणारे, पण हे एकालाही ठाऊक नव्हतं. आपण जातो, किल्ल्यात फोटो काढतो, शहाळं पितो, परत येतो.

ग्रुप टूरला नाकं मुरडायची हल्ली फॅशन आहे. झेंड्यामागे चालायचं, घंटा वाजली की उतरायचं, घंटा वाजली की चढायचं, हा कसला प्रवास वगैरे. मला तसं वाटत नाही. पाय दुखणाऱ्या, इंग्रजी चाचपडत बोलणाऱ्या, आयुष्यात पहिल्यांदाच पासपोर्ट काढलेल्या माणसांनी काय घरी बसायचं? पण एक आहे, सगळं शेवटी गाइडवर येऊन ठेपतं. छापील कार्यक्रमात ठिकाणं असतात. त्या दोन ठिकाणांच्या मधला देश गाइडच्या डोक्यात असतो, आणि तो ते डोकं उघडतो का दुकानांच्या दारांशी बस उघडतो यावर तुमची टूर ठरते. आमच्या मास्तरांनी दोन्ही केलं, पण पहिलं जास्त.

अनुराधपूरच्या रस्त्याला लागलो आणि नारळाची हिरवीगार झाडी हळूहळू मागे पडली. श्रीलंका म्हणजे सगळीकडे धो धो पाऊस अशी आपली समजूत, पण उत्तर आणि पूर्वेकडचा हा भाग कोरडा, पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी, बाकी वर्ष तसंच काढायचं. आणि गंमत म्हणजे हजार वर्षांहून जास्त काळ राजधानी होती ती इथेच, ओल्या हिरव्या भागात नाही. हे जमलं कसं तर तळ्यांमुळे. वेवा म्हणतात त्यांना. खिडकीतून बघत राहिलं की एक झालं की दुसरं, कमळांनी भरलेलं, म्हशी डुंबताहेत, बगळे, बांधावरून सायकलवर शाळेची पोरं पांढऱ्या गणवेशात. मी मूळची सोलापूरची. चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणार म्हणून पहाटे गजर लावून उठणाऱ्या घरातली. त्यामुळे बाकीचे अंताक्षरी खेळत होते तेव्हा मी तळी मोजत होते, नंतर मोजणं सोडून दिलं.

भंडाऱ्याचे एक काका होते ग्रुपमध्ये, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, टूरभर बायकोला 'तू बघ, मी बसतो' म्हणणारे. ते एकदम सरसावून बसले. म्हणाले, अहो हे तर आमचे मामा तलाव! माजी मालगुजारी तलाव, भंडारा-गोंदियाकडे कोहळी लोकांनी बांधलेले, त्यांना सगळे मामा तलावच म्हणतात. मग मास्तर आणि काका यांची जी जुंपली ती थेट शेवटपर्यंत. मास्तर इंग्रजीत, काका हिंदीत, मध्ये बोटांनी हवेत चित्रं.

त्यातून मला कळलं ते असं. ही तळी सुटी सुटी नाहीत, साखळी आहे. वरच्या तळ्याचं पाणी खालच्या भाताला, भाताचं निथळून आलेलं त्याच्या खालच्या तळ्याला, असं उतरत उतरत. तळ्याच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा ठेवायचा म्हणजे वारा अडतो आणि पाणी उडून जात नाही. बांधाच्या खाली आणि शेताच्या वर आणखी एक झाडझुडपांची पट्टी, ती झिरपणाऱ्या पाण्यातला खार शोषून घेते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने २०१७ मध्ये या साखळी पद्धतीला जागतिक शेती वारशात घेतलं. आणि मोठ्या तळ्यांना बिसोकोटुवा म्हणून एक प्रकार, बांधाच्या पोटात चौकोनी विहीर, पाणी आधी तिच्यात येऊन त्याचा जोर मोडतो मग बाहेर सुटतं, म्हणजे बांध फुटत नाही. काका म्हणाले, विमोचकच की! आणि हे कधीचं? मास्तर म्हणाले, दोन हजार वर्षं धरा. काका गप्प बसले, आणि काका गप्प बसले हे त्यांच्या बायकोने सगळ्यांना खुणेने दाखवलं.

अनुराधपुरात श्रीमहाबोधी, सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेच्या पिंपळाची फांदी आणून लावली तो वृक्ष. इसवी सनापूर्वी तिसरं शतक. माणसाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ माहीत असलेल्या झाडांत हे सगळ्यात म्हातारं. बघायला गेलं तर झाड बारीकच, सोनेरी टेकूंवर उभं, आजूबाजूचे पिंपळ त्याच्यापेक्षा दांडगे. पांढऱ्या कपड्यांतली माणसं नुसती बसून होती, बोलत नव्हती, आमच्या ग्रुपचा आवाज आपोआप खाली आला. मास्तरांनी इथे एकच वाक्य हळू आवाजात सांगितलं, की १९८५ च्या मे महिन्यात तमिळ वाघांनी या गावात आणि इथे पूजेला आलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या, शंभरावर माणसं गेली. कोणीतरी विचारलं मग पुढे काय झालं, तर म्हणाले, पुढे पंचवीस वर्षं तेच झालं, दोन्हीकडून. आणि चालायला लागले.

जेतवन स्तूप मात्र बघून छाती दडपते. महासेन राजाचा, बांधला तेव्हा साधारण १२२ मीटर उंच, म्हणजे त्या काळात गिझाचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर जगात एवढं उंच काही नव्हतं. नुसत्या विटा, नऊ कोटींच्या वर असाव्यात असा अंदाज आहे. आता इथलं व्यवहारज्ञान सांगते, जे एकाही जाहिरातीत नसतं. मोजे न्या. जाड मोजे. पवित्र जागा म्हणून बूट बाहेर काढायचे, आणि दुपारी बाराला तो दगडी चौथरा असा तापलेला असतो की इतिहास वगैरे सगळं विसरून माणसं सावलीच्या एका पट्ट्याकडून दुसऱ्या पट्ट्याकडे टणाटण उड्या मारत पळतात. पुण्याचं एक नवं जोडपं होतं, त्यातला मुलगा बायकोला स्वतःचे मोजे देऊन अनवाणी पळाला. काकूंनी त्याला पूर्ण मार्क दिले.

दुसऱ्या दिवशी थेट डंबुल्लाला जायचं होतं. मास्तरांनी मॅनेजरला बाजूला घेतलं, काय सांगितलं देव जाणे, पण बस केकिरावाच्या बाजूला वळली आणि कलावेवाच्या बांधावर येऊन थांबली. कार्यक्रमात नव्हतं हे. तिकीट नाही, पाटी नाही, दुकान नाही. नुसतं पाणी, पार नजर पोचेपर्यंत, आणि पलीकडच्या काठाला काळे ठिपके, ते हत्ती आहेत हे पोरांना आधी कळलं.

हा तलाव धातुसेन राजाने बांधला, पाचव्या शतकात. त्यातून निघालेला कालवा ८७ किलोमीटर जातो, अनुराधपूरच्या तळ्यापर्यंत, आणि सुरुवातीच्या १७ मैलांत त्याला मैलामागे ६ इंच उतार आहे. ६ इंच! भंडाऱ्याच्या काकांनी हे दोनदा विचारून घेतलं. म्हणाले आम्ही डंपी लेव्हल (चढउतार मोजायची दुर्बीण) लावून नोकरी केली, आणि तरी आमचे कालवे उलटे वाहिलेले मी पाहिलेत. मग मास्तरांनी धातुसेनाची गोष्ट सांगितली, बांधावर उभं राहून, माइकशिवाय. धातुसेनाचा मुलगा कश्यप, दासीपुत्र म्हणतात, त्याने सेनापतीच्या मदतीने बापाला कैद केलं. खजिना कुठे दडवलायस, दाखव, म्हणाला. बाप म्हणाला मला कलावेवाला घेऊन चल, तिथे आहे. आणला. म्हाताऱ्याने तळ्यात उतरून अंघोळ केली, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, हा माझा सगळा खजिना. त्याला मग भिंतीत चिणून मारलं.

पाचेक मिनिटं कोणी काही बोललं नाही, मग चहाचा थर्मास निघाला आणि चिवड्याची पाकिटं फिरली. पण ही गोष्ट सिगिरियाच्या आदल्या दिवशी, या पाण्यापाशी ऐकली नसती तर सिगिरिया मला नुसता एक मोठा दगड वाटला असता. कारण सिगिरिया हा त्याच कश्यपाचा किल्ला. ४७७ ते ४९५ एवढंच राज्य, बाप मारलेला, भाऊ हिंदुस्थानात पळून गेलेला आणि सैन्य घेऊन कधीही परत येईल ही भीती, म्हणून हा पठ्ठ्या सपाट जंगलातून सरळ वर गेलेल्या दोनशे मीटरच्या कातळावर जाऊन बसला. पायऱ्या बाराशेच्या आसपास. पायथ्याला पाण्याच्या बागा, त्यातली कारंजी पावसाळ्यात आजही उडतात. बापाचं काम पोराच्या अंगात होतं, म्हणायचं ते एवढंच, पण बापाने पाणी भाताला नेलं आणि याने कारंज्याला.

अर्ध्या वाटेवर कातळाच्या खोबणीत त्या प्रसिद्ध बायका, ढगांतून कमरेपर्यंत वर आलेल्या, हातात फुलं. वीसेक उरल्यात. फोटोला बंदी आहे, ते बरंय, नाहीतर त्या अरुंद जिन्यात चेंगराचेंगरी झाली असती. आपल्याला अजिंठ्याची आठवण येणारच, आणि ती चुकीची नाही, अजिंठ्याचं १७ नंबरचं लेणं याच पाचव्या शतकातलं, आणि त्यात सिंहल नावाचा व्यापारी हत्ती-घोडे जहाजांत भरून याच बेटावर उतरतो ती भिंतभर कथा रंगवलेली आहे. म्हणजे लंका आपल्या संभाजीनगरच्या डोंगरात दीड हजार वर्षांपासून आहे आणि आपण ती रामायणात शोधत असतो.

पण मला चित्रांपेक्षा त्याखालची भिंत आवडली. आरशासारखी घोटलेली होती म्हणून आरसेभिंतच म्हणतात, आणि तिच्यावर सहाव्या शतकापासून चौदाव्यापर्यंत आलेल्या गेलेल्या लोकांनी ओरखडून कविता लिहिल्यात. परणवितान या पुरातत्त्व संशोधकांनी त्यातल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये छापल्या. पर्यटक होते हो ते सगळे, आपल्यासारखेच, किल्ला बघायला आलेले. कोणी लिहितो या सुंदऱ्या माझ्याशी बोलत का नाहीत, आणि एक बाई लिहिते की हातात मोत्यांचा सर घेऊन ही डोंगरावरची हरिणाक्षी आमच्याशी बरोबरी करायला बघते, मला तिचा राग येतो. नवऱ्याबरोबर आली असणार! सिंहगडावर बदामात बाण काढणाऱ्यांना झोडपावंसं वाटतं मला, पण निदान छंदात लिहा रे, एवढं तरी.

पोलोन्नरुवा भरभर झालं. गल विहारातला १४ मीटरचा निजलेला बुद्ध, उशीवर पडलेला डोक्याचा दाब दगडात कोरलेला, तो कधी विसरणार नाही. बुद्धाकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही हे मास्तर सारखे सांगत होते, तरी एकाने काढलाच आणि पहारेकऱ्याने त्याच्यासमोर उभं राहून तो डिलीट करायला लावला. इथला पराक्रमबाहू राजा, ११५३ ते ११८६, त्याचं वाक्य श्रीलंकेत शाळेतल्या पोराला पाठ असतं, की पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला मिळता कामा नये. त्याचा तलाव, नाव पराक्रम समुद्र, खरंच समुद्र वाटतो. मला आमचं सिद्धेश्वराचं तळं आठवलं. सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात लोकांना हाताशी धरून तळं खोदलं ते याच बाराव्या शतकात. दोन्ही तळी आहेत अजून. त्यांच्याभोवती आपण काय केलं हा वेगळा विषय आहे, तो काढला की माझं डोकं फिरतं.

कँडीच्या वाटेवर मात्र मास्तरांनी परंगी केलाच आमचा. स्पाइस गार्डन. पांढरा कोट घातलेला एक माणूस आठ झाडं दाखवतो, मग बाकांवर बसवतो, आणि कसलीशी तेलं, गुडघ्याला, केसांना, घोरण्याला. एकाच्या पोटरीवर क्रीम लावून वाटाण्याएवढी जागा पुसली तर केस गायब! झालं, बायका उठल्या. किमती बघून माझ्या पोटात गोळा आला, पण घेतलं लोकांनी, हजारो रुपयांचं. मास्तर बाहेर बसमागे उभे होते. मी सरळ विचारलं, कमिशन किती? त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. २०१९ मध्ये ईस्टरला बॉम्ब फुटले तेव्हा पर्यटक बंद, मग कोरोना, मग २०२२ मध्ये देशाचं दिवाळं वाजलं, पेट्रोलच्या रांगेत दोन-दोन दिवस गाडीतच झोपायचं. तीन वर्षं मी भाजी विकली मॅडम, म्हणाले, आता हे लोक पाकीट देतात ते मी घेतो. मला पुढे काही बोलता आलं नाही. एका काकूंची क्रीमची बाटली परत करायला मात्र तेच आत गेले, तेही तितकंच खरं.

कँडीला संध्याकाळची पूजा. दंतधातूचं मंदिर, बुद्धाचा दात, पण दात दिसत नाही, एकात एक ठेवलेल्या करंड्यांपैकी बाहेरचा सोन्याचा तेवढा क्षणभर दिसतो. ढोल अंगातून जातात. निळ्या कमळांचा वास, माणसांचा रेटा, आणि आमच्या मॅनेजरचा झेंडा कुठेतरी लांब. बाहेर आल्यावर तळ्याकाठी मास्तरांनी विचारलं, गोव्याचं कोणी आहे का? एक म्हापशाची बाई होती. तिला म्हणाले, तुमचा माणूस आहे इथे. जोझे वाझ. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेला पाद्री, डचांनी कॅथलिकांवर बंदी घातलेली असताना १६८७ मध्ये वेष पालटून जाफन्याला उतरला, पुढे कँडीला आला तर पोर्तुगीजांचा हेर म्हणून तुरुंगात टाकलं. पण कँडीच्या बौद्ध राजानेच नंतर त्याला सांभाळलं. १६९६ च्या दुष्काळात त्याच्या प्रार्थनेने पाऊस आला अशी इथे श्रद्धा आहे, आणि देवीची साथ आली तेव्हा लोक रोग्यांना टाकून पळाले तर हा त्यांना धुवत-पुसत बसला. १७११ मध्ये इथेच गेला. २०१५ च्या जानेवारीत पोपनी कोलंबोला येऊन त्याला संत जाहीर केलं. म्हापशाच्या बाई रडल्या. त्यांना वाझबाबचं नाव लहानपणापासून माहीत होतं, पण तो हाच तलाव, हेच गाव, हे डोक्यात नव्हतं. आणि हे सांगणारा गाइड बौद्ध, छापील कार्यक्रमात कँडीपुढे लिहिलेलं: मंदिर, डान्स शो, रत्नांचं दुकान.

पुढे नुवारा एलिया, थंडी, धुकं, चहा. चहाच्या फॅक्टरीत गाइड मुलगी सांगते की जेम्स टेलरने १८६७ मध्ये पहिला मळा लावला, त्याआधी कॉफी होती, ती तांबेरा पडून मेली, मग सगळा चहा. छान सांगते, चहाही छान. मग सीता एलियाचं मंदिर, अशोकवाटिका, ओढ्याकाठच्या खडकावरची हनुमानाची पावलं. ग्रुपचा सगळ्यात मोठा उत्साह इथे. मास्तर प्रत्येक वाक्याला 'असं म्हणतात' जोडत होते, फार सभ्यपणे. मला श्रद्धेबद्दल काही म्हणायचं नाही, भजन छान झालं, मीही टाळ्या वाजवल्या. पण त्याच वळणावर वरच्या अंगाला पत्र्याच्या लांबच लांब चाळी होत्या, त्यांना लाइन म्हणतात, आणि तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

आमच्या बसचा क्लीनर पोरगा हॅटनकडचा, तमिळ. त्याने सांगितलं, आमचं घर असंच. इंग्रजांनी त्याच्या पणजोबांना तमिळनाडूतून मळ्यावर आणलं. देश १९४८ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने हे लाखो लोक कुठल्याच देशाचे उरले नाहीत. मग १९६४ मध्ये आपले शास्त्रीजी आणि इथल्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांचा करार, इतके तुम्ही घ्या इतके आम्ही ठेवतो. त्याच्या आजीचे दोन भाऊ त्यात निलगिरीला गेले, तिथेही चहाच्याच मळ्यावर. आजी राहिली. तिला नागरिकत्वाचा कागद मिळाला तो २००३ च्या कायद्यानंतर, म्हातारपणी. पोरगा हे सांगताना बसच्या पायऱ्या पुसत होता, आवाजात काही नाही, रोजचं असल्यासारखं. भावांना पुन्हा भेटली का, मी विचारलं. एकदा, म्हणाला, एकाला. मग घंटा वाजली.

गॉल सगळ्यांना आवडतं आणि आवडावंच. पोर्तुगीजांनी सुरू केलेला किल्ला डचांनी १६४० मध्ये घेतला आणि मग असा बांधला की आत अख्खं गाव राहतं, शाळा, मशीद, चर्च, कोर्ट, आइस्क्रीमवाला. वसईचा किल्ला बघून बघून मोठे झालेल्या माणसाला हे बघताना जरा जड जातं, आपल्याकडे भिंती आणि वडाची मुळं उरली. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा तटाच्या बाहेरचं शहर, बस स्टँड, क्रिकेटचं मैदान वाहून गेलं आणि आतलं बरंचसं वाचलं. किनाऱ्याकिनाऱ्याने कोलंबोकडे येताना पेरालियाला मास्तरांनी बस हळू करायला सांगितली. तिथे भरलेली ट्रेन उभी असताना लाट आली, हजाराच्या वर माणसं गेली. लोकांनी डब्यांवर चढून जीव वाचवायचा प्रयत्न केला, काही डब्यांच्या आड लपले. बस थांबवली नाही, नुसती हळू केली. बरोबर केलं असं मला वाटलं.

कोलंबोत शेवटचा अर्धा दिवस शॉपिंगसाठी मोकळा. म्हैशीच्या दुधाचं मातीच्या बोळक्यातलं दही आणि त्यावर किथुल माडाची काकवी एवढंच मला घरी न्यायचं होतं आणि ते विमानात नेता येत नाही, त्यामुळे मी रिकामीच. मास्तर म्हणाले म्युझियमला कोण येतंय? पाच-सहा जण निघालो, भंडाऱ्याचे काका अर्थातच, आणि आश्चर्य म्हणजे डोंबिवलीच्या काकू.

तिथे एक शिळा आहे, चीनचा दर्यासारंग झंग हे याने आणलेली, १४०९ सालची. गॉलला १९११ मध्ये एका इंजिनिअरला सापडली तेव्हा ती पालथी पडलेली होती, मोरीवर झाकण म्हणून. काका म्हणाले, मोरीलाही चांगला दगड लागतो. तिच्यावर तीन भाषा आहेत, चिनी, तमिळ, फारसी, आणि तिन्हींत वेगवेगळ्या देवाला नमस्कार. चिनीत बुद्धाला, तमिळमध्ये दक्षिण टोकाच्या देवळातल्या विष्णूला, फारसीत अल्लाला. आणि मग यादी, सोनं, चांदी, रेशीम, सुगंधी तेल, तिघांनाही जवळजवळ सारखंच. अक्षरं झिजलीयेत, बोटाने दाखवून दाखवून मास्तरांनी सांगितलं. काकू एकदम खूश, म्हणाल्या किती छान, सगळ्यांना सारखं, आपल्याकडे आहेरात असं असतं तर किती भांडणं वाचली असती.

मास्तर म्हणाले, दोन वर्षांनी तोच झंग हे परत आला, लढाई केली आणि इथल्या राजाला बायकापोरांसकट धरून चीनला घेऊन गेला.

काकूंनी शिळेकडे परत एकदा बघितलं. हे कुठे लिहिलंय यात?

यात नाही, मास्तर म्हणाले, आणि मॅनेजरचा फोन वाजत होता तो त्यांनी तसाच खिशात ठेवून आम्हाला पुढच्या दालनात नेलं.